हरिकेन बेटावरील शाळा

अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्यालगत, पेनॉब्स्कॉट उपसागरांत, हरिकेन नांवाचें एक खडकाळ बेट आहे. १८७० नंतर तेथें ग्रॅनाइटच्या खाणींभोंवतीं गांव वसलें. १९१४ च्या सुमारास खाणी बंद पडल्या आणि गांव ओस झालें. त्याच बेटावर १९६४ सालीं पीटर विलॉवर यांनीं 'आउटवर्ड बाउंड'ची निवासी शाळा उघडली.

या शिक्षणाचें मूळ मात्र दुसऱ्या महायुद्धांत आहे. जहाज बुडाल्यावर होडींत तरणे खलाशी आधीं धीर सोडतात आणि मुरलेले म्हातारे तग धरतात, असें लॉरेन्स होल्ट या ब्रिटिश जहाजमालकाचें मत झालें. त्याच्या मतें उणीव बळाची नव्हती, आत्मविश्वासाची होती. म्हणून १९४१ सालीं होल्ट आणि शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनीं वेल्समधील ॲबरडोव्ही येथें पहिली शाळा काढली.

हरिकेन बेटावर दिवसाचा आरंभ होई तो धांवण्यानें आणि गार समुद्रांतील बुडीनें. तीस फुटी उघड्या होड्यांना यंत्र नसे. वारा पडला कीं सर्वांनीं एका तालांत वल्हीं मारावयाचीं आणि रात्रीं तींच आडवीं मांडून त्यांवर निजावयाचें. पुढें प्रत्येकास कांहीं दिवस तुटपुंज्या साधनांनिशीं एकट्यानें काढावे लागत.

२००६ सालीं शाळेनें हें बेट सोडलें. परंतु तिच्या शिक्षणक्रमाचा अर्थ स्पष्ट आहे: ज्याला एकटें राहतां आलें, त्यालाच होडींतल्या दहाजणांना आधार देतां येतो. धैर्य हा पाठांतराचा विषय नव्हे. तें अंगवळणीं पाडावें लागतें.