मेलबोर्नचे चार गोल

पनवेलहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता आम्हां पनवेलकरांच्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्याच्या दुसऱ्या टोकाकडून आपल्याकडे काय काय आलें याचा आम्ही सहसा विचार करीत नाहीं. गवई आले, वादक आले, काजू आले, हें सारे जाणतात. उत्तम फुटबॉलपटूहि तिकडूनच आले, ही गोष्ट मात्र आपल्या सुशिक्षित घरांतून क्वचितच बोलली जाते. क्रिकेटमधील शतकांचे आकडे मुखोद्गत असणारीं मुलें आमच्या आळींत कितीतरी आहेत. त्यांपैकीं एकालाहि नेव्हिल डिसूझा हें नांव ठाऊक नाहीं. दोष मुलांचा नव्हे, त्यांना तें सांगणाऱ्यांचा.

नेव्हिलचा जन्म १९३२ सालीं बारदेसमधील आसगांवचा. तेव्हां गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि पोटासाठीं मुंबईची वाट धरणें हा तेथील तरुणांचा परिपाठ होता. धोबी तलावाच्या आसपास गांवोगांवच्या मंडळींनीं चालविलेल्या ‘कुडी’ हें त्यांचें परगांवांतील घर. मुंबईंत फुटबॉल आणला गोऱ्या शिपायांनीं. १८९१ पासून रोव्हर्स चषकाचे सामने सुरू झाले. पण पुढें कूपरेजच्या मैदानावर या खेळाला जीं माणसें मिळालीं, त्यांत गोमंतकीयांचा वांटा फार मोठा. खेळाडूला पोटाला लावीत त्या कंपन्या आणि गिरण्या, व त्यांच्याच नांवानें तो खेळे. नेव्हिल व त्याचा भाऊ डेरेक हे कॅल्टेक्स कंपनीच्या संघांतून खेळले. त्या संघानें १९५८ सालीं रोव्हर्स चषक जिंकला.

येथें आम्हांस माल्टा या चिमुकल्या बेटाची आठवण होते. तेंहि परकी अंमलाखालचें, तेथेंहि कॅथॉलिक वस्ती, तेथेंहि फुटबॉल आला तो इंग्रजांच्या हातून. परंतु स्वातंत्र्य मिळण्यापूर्वींच माल्टाला स्वतःचा राष्ट्रीय संघ लाभला. २४ फेब्रुवारी १९५७ रोजीं तो ऑस्ट्रियाशीं पहिला सामना खेळला आणि २ विरुद्ध ३ असा थोडक्यांत हरला. माल्टाच्या खेळाडूस आपला देश कोणता हा प्रश्न पडला नाहीं. गोमंतकीयास तो पडत होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं गोव्याच्या हद्दींत शिरणाऱ्या सत्याग्रह्यांवर पोर्तुगीजांनीं गोळ्या झाडल्या, त्यानंतर भारत सरकारनें सीमा बंद केली. त्याच्या दुसऱ्याच वर्षीं आसगांवचा हा तरुण भारताच्या वेषांत मेलबोर्नच्या मैदानावर उतरला. गोवा मुक्त होण्यास अजून पांच वर्षें होतीं.

ऑलिंपिकमधील आपला पूर्वेतिहास फारसा भूषणावह नव्हता. १९४८ सालीं लंडनला आपले बहुतेक गडी अनवाणी खेळले व फ्रान्सकडून १ विरुद्ध २ असे हरले. १९५२ सालीं हेलसिंकीस युगोस्लाव्हियानें आपल्यावर दहा गोल चढविले. १९५६ च्या संघाचे शिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम होते; मूळचे ते शाळामास्तर. त्या वर्षीं हंगेरींत उठाव होऊन रशियाचे रणगाडे बुडापेस्टच्या रस्त्यांवर आले होते. हंगेरीचा फुटबॉल संघ आला नाहीं आणि भारतास पहिल्या फेरींत न खेळतांच पुढें चाल मिळाली. १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशीं गांठ पडली. नेव्हिलनें नवव्या, तेहतिसाव्या व पन्नासाव्या मिनिटाला असे तीन गोल केले, चौथा किट्टूचा. भारत ४ विरुद्ध २ असा जिंकला. ऑलिंपिकच्या एकाच सामन्यांत तीन गोल करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू होय.

भारत एकच सामना जिंकून उपांत्य फेरींत पोहोंचला, त्यांत नशिबाचा भाग होता, असें म्हणणारे म्हणतात. तें खरेंहि आहे. पण बारा दिवसांच्या आंत सिडनीस पुन्हा हेच दोन संघ भेटले, तेव्हां भारतानें ७ विरुद्ध १ असा विजय मिळविला, हें या मंडळींनीं विसरूं नये.

४ डिसेंबरचा उपांत्य सामना त्याच युगोस्लाव्हियाशीं. मध्यंतरापर्यंत गोल झाला नव्हता. मध्यंतरानंतर थोड्याच वेळांत नेव्हिलनें चेंडू जाळ्यांत धाडला आणि हेलसिंकीच्या दहा गोलांचा संघ कांहीं क्षण भारताच्या मागें पडला! आमच्या मतें भारतीय फुटबॉलच्या इतिहासांत याहून मोठे क्षण फार नाहींत. तें सुख टिकलें मात्र दोनच मिनिटें. सामना १ विरुद्ध ४ असा गेला. तिसऱ्या क्रमांकासाठींच्या सामन्यांतहि बल्गेरियानें तीन गोलांनीं हरविलें. पदक हुकलें. त्या स्पर्धेंत सर्वाधिक म्हणजे प्रत्येकीं चार गोल करणारे तिघे निघाले: युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोव्हिच, बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि आमचा नेव्हिल.

१९६१ पासून अर्जुन पुरस्कार सुरू झाला, त्या यादींत नेव्हिलचें नांव कधींच आलें नाहीं. १९८० सालीं, वयाची पन्नाशीहि न गांठतां, तो वारला. १९६० च्या रोमनंतर आपला फुटबॉल संघ ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धेंत पोहोंचलेला नाहीं. १९४८ ते १९६० या चार ऑलिंपिकांत मिळून भारताचे एकूण गोल दहा. त्यांतले चार एकट्या नेव्हिलचे.