बारडोलीच्या तंबूतले पाहुणे

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती, गुलामांना मोकळे करण्यासाठी ज्या अमेरिकन लोकांनी झीज सोसली, त्यांना. आपल्या चळवळीच्या भाषणांतून हा दाखला नेहमी येतो. पण ज्यांच्या मुक्तीचा तेथे गौरव आहे ती काळी माणसे पुढे कधी आपल्या दारी आली का आणि आली तेव्हा त्यांना येथे कोण भेटले, हे फारसे विचारले जात नाही. त्यासाठी १९३५-३६ सालच्या एका छोट्या ख्रिस्ती यात्रेकडे वळावे लागेल.

मिशन म्हटले की गोरा पाद्री आठवतो, आणि ते स्वाभाविक आहे. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून उभे होते. महार-मांगांच्या कित्येक घरांत पहिले अक्षर त्या वाटेने आले. देणारा गोरा आणि घेणारा काळा, हा त्या व्यवहाराचा ठरीव आकार होता. १९३५ च्या यात्रेत मात्र अमेरिकेतून आलेले चौघेही कृष्णवर्णीय होते. (त्या काळच्या वर्तमानपत्रांनी त्यांना ‘निग्रो’ म्हटले. तो शब्द त्या समाजाने पुढे टाकून दिला, जसा आपण ‘हरिजन’ टाकला.) निमंत्रण होते हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन येथील विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीचे. अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यार्थी संघटनांनी व्यवस्था केली आणि यात्रेला नाव दिले ‘मैत्रीची यात्रा’. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातील धर्मोपदेशक हॉवर्ड थर्मन हे मंडळाचे प्रमुख होते. त्यांच्या पत्नी सू बेली थर्मन, मेथॉडिस्ट पाद्री एडवर्ड कॅरोल आणि त्यांच्या पत्नी फेनोला कॅरोल हे बाकीचे तिघे.

थर्मन यांची आजी गुलामीत जन्मलेली. नातू तिला बायबल वाचून दाखवी, पण संत पौलाची पत्रे मात्र ती सहसा वाचू देत नसे. मालकाचा गोरा पाद्री, गुलामांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असे त्याच पत्रांतून सांगत असे, हे तिच्या ध्यानात पक्के होते. ही बाई निरक्षर होती. ग्रंथप्रामाण्यावर तिने केलेली ही टीका मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या वारसांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा घरातला माणूस परदेशी ख्रिस्ताचा प्रचार करायला सहजी कसा निघेल? थर्मन प्रथम तयार नव्हते. ज्या देशात गोऱ्यांचे चर्च वेगळे आणि काळ्यांचे वेगळे, त्या देशाच्या ख्रिस्ती धर्माची वकिली आपल्याला करावी लागेल, ही त्यांची भीती होती. आपण वकिली करणार नाही अशी खात्री पटल्यावरच ते निघाले.

भीती खोटी नव्हती. कोलंबोच्या लॉ कॉलेजात भाषण झाल्यावर एका तरुणाने त्यांना गाठले. त्याचे म्हणणे सरळ होते. तुमच्या पूर्वजांना ख्रिस्ती लोकांनी आफ्रिकेतून धरून नेले, ख्रिस्ती लोकांनी विकले, गुलामी गेल्यावरही ख्रिस्तीच तुम्हाला झाडाला टांगून मारतात. मग तुम्ही त्याच धर्माचे नाव घेऊन येथे कसे येता? हा तर साऱ्या काळ्या लोकांशी द्रोह झाला. थर्मन रागावले नाहीत. आपण चर्चची बाजू घेऊन आलेलो नाही, असे ते म्हणाले. येशू हा परक्या सत्तेखाली दबलेल्या गरीब ज्यू जमातीचा माणूस होता. दबलेल्याने ताठ कसे राहावे हे त्याने सांगितले, आणि आपला संबंध त्याच्याशी आहे. १९४९ साली आलेल्या ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या त्यांच्या पुस्तकाचा आरंभ याच प्रसंगाने होतो.

आता तारखा पाहा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. हे मंडळ तेव्हा वाटेवरच होते. त्याच महिन्यात ते सिलोनला उतरले. पुढचे काही महिने देशात धर्मांतराखेरीज दुसरा विषय नव्हता. मौलवी, शीख पुढारी, ख्रिस्ती बिशप, सगळ्यांची नजर मुंबईकडे होती. धर्म म्हणजे घर किंवा अंगरखा नव्हे की हवा तेव्हा बदलावा, असा अभिप्राय गांधीजींनी दिला होता.

२१ फेब्रुवारी १९३६ रोजी थर्मन मंडळी बारडोलीला गांधीजींच्या तंबूत बसली. गांधीजी आजारातून उठत होते, तरी पाहुण्यांना सामोरे आले आणि तीन तास बोलले. त्यांनी गुलामी, मतदान, शाळा, लिंचिंग यांविषयी बारकाईने विचारले. सू बेली थर्मननी उलट विचारले : माझ्या डोळ्यांदेखत माझ्या भावाला जमावाने ठार मारले तर मी काय करावे? मारणाऱ्यांशी सर्व सहकार तोडावा, प्रसंगी त्यात स्वतःचा प्राणही द्यावा, अशा आशयाचे उत्तर मिळाले. महादेव देसायांनी हा संवाद ‘हरिजन’मध्ये छापला. (लिंचिंगविरुद्धचा केंद्रीय कायदा अमेरिकेत व्हायला पुढे २०२२ साल उजाडावे लागले.) शेवटी पाहुण्यांनी क्रुसावर चढविलेल्या ख्रिस्ताचे एक गुलामांचे गाणे म्हटले आणि निरोप घेतला.

थर्मन यांनी १९७९ सालच्या आत्मचरित्रात या भेटीविषयी दोन गोष्टी लिहिल्या आहेत, त्यांच्यापाशी आपण थांबले पाहिजे. अस्पृश्यतेमुळे जनतेचा स्वाभिमान मेला आणि म्हणून आपली चळवळ टिकली नाही, असे गांधीजींनी त्यांना सांगितले; ‘हरिजन’ हे नाव आपण का दिले तेही सांगितले. ही पहिली. दुसरी अधिक बोलकी आहे. तुमचे गुलाम मुसलमान का झाले नाहीत, असे गांधीजींनी पाहुण्यांना विचारले. आत गेल्यावर आतल्या आत भेद न करणारा धर्म तेवढाच आहे. ख्रिस्ती, बौद्ध, हिंदू धर्मात तसे नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

येवल्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी हे बोलणे झाले आहे. अमेरिकेतल्या काळ्या माणसाने धर्म का बदलला नाही याचे नवल वाटते आणि येथल्या अस्पृश्याने तो बदलतो म्हटले की धर्म अंगरखा नसतो! गांधीजींच्या प्रामाणिकपणाविषयी मला येथे वाद घालायचा नाही. पण अस्पृश्यतेवर बोलणे चालले असता त्या तंबूत अस्पृश्य कोणी नव्हता. बारडोलीहून मुंबई रेल्वेने एका रात्रीची वाट. तेथे सरकारी लॉ कॉलेजच्या प्राचार्यपदावर असलेला माणूस हाच प्रश्न उलट्या टोकाकडून सोडवीत होता आणि तीनच महिन्यांनी, ३० व ३१ मे १९३६ रोजी, मुंबईच्या महार परिषदेत त्याचा पक्ष मांडणार होता. ख्रिस्ती होऊनही जात सुटत नाही याची खोल चिकित्सा बाबासाहेबांनी केली आहे. कोलंबोच्या त्या तरुणाच्या आणि थर्मन यांच्या वादात त्यांनी काय भर घातली असती, हे आपल्याला आता कळणार नाही.

पाहुण्याला घर दाखविणारा जो असतो, त्याच्याच खोल्या पाहुणा पाहतो. पुढचे पाहुणेही याला अपवाद नाहीत. वाय. एम. सी. ए.च्या जागतिक परिषदेसाठी बेंजामिन मेज १९३६ च्या अखेरीस आले, गांधीजींना भेटले, म्हैसूरला गेले. तेथे अस्पृश्यांच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकाने मुलांना त्यांची ओळख करून दिली ती, मोठ्या पदाला पोहोचलेला अमेरिकेतला अस्पृश्य म्हणून. मेज प्रथम चमकले, काहीसे चिडलेही. मग त्यांना वाटले, यात खोटे काय आहे? मेज हे मार्टिन ल्यूथर किंग यांचे गुरू. १९५९ च्या भारतभेटीतला असाच प्रसंग पुढे किंगही सांगत. दोघांनाही हे नाते सुचविले ते शाळामास्तरांनी, हे मला महत्त्वाचे वाटते. बाबासाहेबांनी स्वतः ते पत्राने जोडले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना लिहून, काळ्या अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या, आणि दु बॉइस यांनी आस्थेने उत्तर दिले. दलित पँथरचे नाव १९७२ साली अचानक आकाशातून पडले नाही.

थर्मन यांनी या यात्रेतली आणखी एक आठवण नोंदवून ठेवली आहे. रात्री त्यांच्या दारावर हलकी टकटक झाली. दारात एक मुलगा उभा. कपड्यांवरून आणि अदबीवरून तो अस्पृश्य असल्याचे कळत होते. आज तुमचे व्याख्यान मी इमारतीच्या बाहेर उभा राहून ऐकले, असे तो म्हणाला. ज्याला कोणी मोजत नाही अशा माणसासाठी आशेचा एखादा शब्द तुमच्यापाशी आहे का, हे विचारायला तो आला होता. आत बसलेल्या श्रोत्यांत ख्रिस्ती होते, विद्यार्थी होते, मैत्रीच्या यात्रेचे यजमान होते. त्या मुलाला आत का बसता आले नाही, हे कोणी विचारल्याचे थर्मन लिहीत नाहीत. मुलाचे नावही त्यांनी दिलेले नाही.