धार दुभागणारी कड

कॅलिफोर्नियात सोने सापडल्याचे ऐकून जी माणसे तिकडे धावली, त्यांत ओहायोचा लेस्टर पेल्टन होता. साल १८५०. सोने काही त्याच्या हाती लागले नाही. पुढे तो सुतारकाम करू लागला, खाणींसाठी गिरण्या आणि चाके बांधू लागला.

खाणींतली यंत्रे वाफेवर चालत आणि बॉयलरखाली लाकूड जळे. आसपासचे जंगल तुटले, सरपण महागले. नळातून जोराची धार सोडून डोंगर फोडायची रीत तिथे रुळलेली होतीच. तीच धार चाकावर सोडली की यंत्र फिरे. पण त्या चाकांच्या पात्या सपाट होत्या. पाणी आपटून चहूकडे उडे आणि आपला बराचसा जोर सोबत घेऊन जाई.

सांगतात की एकदा वाट्या बसवलेले एक चाक आसावर सरकले, धार वाटीच्या मधोमध न पडता काठावर पडू लागली, आणि चाक मंदावण्याऐवजी वेगाने फिरू लागले. कथा खरी असो वा नसो, पेल्टनने घडवले ते असे: जोडीच्या दोन वाट्या आणि मध्ये धारदार कड. धार कडेवर येऊन दुभागते, दोन्ही वाट्यांतून वळते आणि बाजूंनी मागे फिरते. त्यामुळे परतणारे पाणी येणाऱ्या धारेच्या आड येत नाही आणि आसावर एका बाजूने रेटाही बसत नाही. याचे पेटंट त्याला १८८० साली मिळाले. १८८३ मध्ये ग्रास व्हॅलीतल्या चाचणीत त्याच्या चाकाने पाण्यातली ९० टक्के शक्ती पकडली.

आज डोंगराळ गावातला लहानसा जलविद्युत प्रकल्पही अनेकदा याच वाट्यांवर चालतो. ओढ्याला बुटका बंधारा घालतात, पाटाने पाणी टाकीत आणतात, तिथे गाळ बसू देतात आणि मग नळाने ते खाली सोडतात. १०० मीटर खाली आलेली धार सेकंदाला सुमारे ४४ मीटर वेगाने सुटते. वाट्या त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे २२ मीटरने, पुढे पळत असतात. वाटीच्या हिशेबाने पाणी २२ ने आत येते आणि २२ नेच उलट वळते. जमिनीवरून पाहणाऱ्याला मात्र ते जागीच थबकून गळून पडलेले दिसते. त्याचा सगळा वेग चाकाने घेतलेला असतो. यंत्रविद्येत याहून देखणी गोष्ट मला माहीत नाही.

गावातले दिवे एकदम बंद झाले की चाकावरचा भार उतरतो आणि ते भरधाव सुटू लागते. तेव्हा नळाची चावी झटकन बंद केली, तर आतल्या पाण्याच्या दणक्याने नळच फुटेल. म्हणून आधी एक पत्रा आडवा येऊन धार बाजूला वळवतो, आणि चावी नंतर सावकाश बंद होते.

सेकंदाला १० लिटर पाणी आणि १०० मीटरचा उतार असला, की गळती-घर्षण वजा जाता साधारण ७ किलोवॅट मिळतात.

सह्याद्रीत उतार उदंड. अडते ते पाण्यापाशी. १९१५ साली खोपोलीला टाटांची पेल्टन चाके फिरली, तीही घाटमाथ्यावरच्या तलावांत पावसाळा साठवल्यावरच. तेव्हा आपल्या गावच्या ओढ्यावर वीज करायचा विचार असेल, तर श्रावणातल्या धबधब्यावर भुलू नका. बादली आणि घड्याळ घेऊन चैत्रात जा, आणि तेव्हाचे पाणी मोजा.