भाव, माप आणि नाणे : आदिलाबादच्या आठवडी बाजारातील घासाघीस

आपल्या भागातील जुन्या मराठी घरांतून आठवडी बाजाराच्या ज्या आठवणी सांगितल्या जातात, त्यांत घासाघिशीला मानाचे स्थान असते. आजोबांनी बैलजोडीचा भाव कसा उतरवला, आजी लुगड्याच्या दुकानातून दोनदा उठून चालू लागल्यावर दुकानदाराने तिला कसे परत बोलावले, हे आपण कौतुकाने ऐकत आलो आहोत. या आठवणी खोट्या नाहीत. मात्र त्या हिशेब जाणणाऱ्या आणि उठून दुसऱ्या दुकानात जाऊ शकणाऱ्या माणसांच्या आहेत. ज्याला उठून जाता येत नव्हते, त्याच्या बाजूने हा बाजार क्वचितच सांगितला गेला आहे.

प्रथम नाणे घेऊ. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचा हाली सिक्का, पलीकडे यवतमाळच्या बाजूस इंग्रजी कलदार. १०० कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहास सात, असा दर. कारकुनाला हे गणित सोपे; पण चार आण्यांचे मीठ आणि दोन रुपयांचे धोतर घेणाऱ्यास दर वेळी ते मनात मांडणे कठीणच. भाव कोणत्या नाण्यात बोलला, हे आधी ठरवून न घेतल्यास सौदा जिंकूनही गिऱ्हाईक हरलेले असे. भारतीय रुपया आल्यावरही काही वर्षे हाली चालला आणि १९५९ साली चलनातून गेला. त्याआधी १९५७ साली नवे पैसेही आले होते. म्हणजे एकाच पिढीला तीन हिशेब शिकावे लागले.

नाण्यापेक्षा माप अधिक खोल. धान्य वजनाने नव्हे, तर शेर-पायलीने मापले जाई आणि तेलुगू गावांत कुंचमने. मापात दोन रीती असतात : शीग लावून भरणे आणि वर हात फिरवून सपाट करणे. घेताना शीग आणि देताना सपाट, असे ज्याला साधले, त्याने भाव वाढवण्याची गरजच काय? तोंडाने तो गिऱ्हाइकाला एक आणा सोडी आणि हाताने दोन आणे परत घेई. आपल्याकडे ‘शिगोशीग’ हा शब्द समृद्धीसाठी वापरतात. त्याचा हा दुसरा अर्थ फारसा कोणी सांगत नाही. दशमान वजने-मापे कायद्याने आली ती १९५६ नंतर, आणि डोंगरातील बाजारांत पोहोचायला त्यांना आणखी वेळ लागला.

तिसरी गोष्ट कर्ज. वाढी-दिढीने धान्य उचललेला गोंड शेतकरी सुगीनंतर माल घेऊन बाजारात येई, तेव्हा त्याचा भाव आधीच ठरलेला असे. ज्याचे देणे आहे त्यालाच माल द्यायचा आणि तो सांगेल तो भाव घ्यायचा. मग तो कोमटी असो, मारवाडी असो, रोहिला असो, की आपल्याच मराठी वस्तीतला सावकार. हे शेवटचे नाव आपल्या लेखांतून बहुधा गाळले जाते. ते गाळू नये असे मला वाटते, कारण या बाजारांतली व्यवहाराची भाषा बरीचशी मराठीच होती. गोंडांची वीरगाथा गोंडीत गाणाऱ्या परधानांची घरची भाषा मराठी. मारलवाई येथे १९४० च्या दशकात गोंडी पाठ्यपुस्तके तयार झाली, तीही देवनागरी लिपीत. ज्या भाषेत घासाघीस होत होती, त्याच भाषेची लिपी पुढे हिशेब समजून घेण्याच्याही कामी आली.

त्या कामामागे जोडेघाटची घटना होती. ऑक्टोबर १९४० मध्ये कुमरम भीम मारला गेल्यावर निजाम सरकारला या डोंगरांकडे पाहणे भाग पडले. मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ यांनी गोंडांमध्ये राहून जमीन, कर्ज व व्यापार यांविषयी लिहिले. आपले सेतुमाधवराव पगडी हे येथेच अधिकारी असताना गोंडी आणि कोलामी शिकले. शासकीय अधिकारी बाजारात उभा राहून गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलू लागला, की दुकानदाराचा सूर थोडा तरी बदलतो. नोकरीत असताना हे मीही पाहिले आहे.

‘एकच भाव’ ही कल्पना तशी जुनी. जपानात मित्सुई घराण्याने १६७३ साली एदो शहरात रोखीचे आणि ठरलेल्या भावाचे कापड दुकान काढले. आपल्या डोंगरांत ती गिरिजन सहकारी महामंडळाच्या रूपाने सरकारमार्फत आली. महामंडळ १९५६ साली स्थापन झाले. त्याच्या दुकानात घासाघीस नव्हती, फसवणुकीला वाव कमी होता; पण मुलीच्या लग्नाला किंवा घरातल्या मयताला रात्री पैसे मिळत नसत. सावकाराकडे ते मिळत. त्यामुळे ठरलेला भाव सोडून माणसे पुन्हा त्याच्याच ओट्यावर जाऊन बसत. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी आपल्या अडचणीचा काळ आठवावा.

चीनला जाऊन आलेली आपली मुले सांगतात, की बीजिंगच्या बाजारात दुकानदार कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवतो, पाहुणा तो पुसून निम्मा करतो आणि एक शब्दही न कळता सौदा होतो. पाहुण्याला भाषा येत नाही, मापही ठाऊक नाही. तरी तो फारसा नाडला जात नाही, कारण त्याला पाय मोकळे आहेत. दख्खनच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो, तेथेही दोन्ही हात आपापल्या मालकीचे असतात. इंद्रवेल्लीच्या सोमवारच्या बाजाराला येणाऱ्या गोंडांचे तसे नव्हते. २० एप्रिल १९८१ रोजी बाजाराच्याच दिवशी जमीन आणि पिळवणूक यांविषयी सभा भरणार होती. तेथे गोळीबार झाला. सरकारी आकडा १३ मृतांचा, लोकांचा आकडा कितीतरी मोठा.

आज आदिलाबादच्या कापूस बाजारात वजनकाटा इलेक्ट्रॉनिक आहे, हमीभाव जाहीर असतो, आणि नाणे एकच. तरी हंगामाच्या आरंभी गाड्या अडून राहतात. आता वाद ओलाव्याचा. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्यापुढे सरकारी खरेदी नाही. मग दिवाळीच्या आगेमागे गाडीवरचा शेतकरी यंत्राचा काटा कापसात कुठे खुपसला जातो, वरच्या थरात की तळाशी, हे वाकून पाहत असतो.