छपरावरची आकाशवाट

मंडळी, विमान डोक्यावरून गेले की पोरे हात हलवतात. पण ते रोज घरावरूनच जाऊ लागले तर?

जपानातील सानरिझुकाची हकिकत पाहा. महायुद्धानंतर अनेकांनी तेथला माळ फोडून शेते पिकविली होती. १९६६ साली सरकारने त्यांना न विचारताच तेथे नारिता विमानतळ ठरविला. संघर्ष पेटला, प्राणहानीही झाली. १९७८ मध्ये विमाने उडू लागली; पण रात्री अकरा ते सकाळी सहा ती थांबवावी लागली, घरांना आवाज अडविणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या. १९९५ साली पंतप्रधान मुरायामांनी माफी मागितली.

आधीच विचारले असते तर? धावपट्टीची जमीन मोजता येते हो. पण जिच्या छपरावरून वाट जाते, त्या घराची झोप कोणत्या सातबाऱ्यावर लिहायची?