सेवा, प्रायश्चित्त आणि हक्क : १९३२ च्या एका पत्रातील समाजकार्याचा नीतिविचार

समाजकार्य हे राजकारणापासून अलिप्त असते आणि अलिप्त असावे, असा समज सर्वत्र रूढ आहे. भुकेल्याला अन्न द्यावे, आजाऱ्याची शुश्रूषा करावी, अज्ञ जनांस साक्षर करावे. यात पक्षभेदाचा संबंध कोठे येतो, असे सहजच वाटते. परंतु कोणतेही समाजकार्य हाती घेण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात. ज्या दुःखाचे निवारण करावयाचे त्याचे मूळ व्यक्तीच्या ठायी आहे की समाजाच्या रचनेत, हा पहिला प्रश्न. सेवा करणारा कोणाला उत्तरदायी आहे, हा दुसरा. ही उत्तरे मनुष्याच्या राजकीय विचारसरणीतून येतात. आणि दया, प्रतिष्ठा, समता, स्वयंनिर्णय या नैतिक मूल्यांना कार्यात कोणता अर्थ प्राप्त होतो, हेही त्यांवरूनच ठरते. डॉ. भीमराव आंबेडकर यांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी अमृतलाल ठक्कर यांना लिहिलेले पत्र या विधानाची साक्ष देते.

पत्राचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी तत्पूर्वीची परंपरा पाहणे अवश्य आहे. मुंबई इलाख्यात संघटित समाजसेवेची परंपरा तोपर्यंत चांगलीच रुजली होती. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढून कामगारवस्तीत रात्रीच्या शाळा, वाचनालये व दवाखाने चालविले. पुढे १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांनीच प्रमुख भाग घेतला. सेवेचा मार्ग चालता चालता हक्काच्या मार्गाला कसा मिळतो, याचे जोशी हे बोलके उदाहरण होय. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने याहून वेगळी घडण स्वीकारली. सर चिमणलाल सेटलवाड तिचे अध्यक्ष होते. तथापि व्यवस्थापक मंडळाची सूत्रे आंबेडकरांच्या हाती होती. बाहेरच्यांचे साहाय्य घ्यावे, पण कार्याची दिशा ज्यांचे हित साधावयाचे त्यांनीच ठरवावी, हे तत्त्व या रचनेत स्पष्ट दिसते.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अस्पृश्यतानिवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था मुंबईत स्थापन झाली. हीच पुढे हरिजन सेवक संघ या नावाने प्रसिद्धीस आली. घनश्यामदास बिर्ला तिचे अध्यक्ष व ठक्कर तिचे चिटणीस झाले. ठक्करबाप्पांची निवड सर्वथा योग्य होती. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या या गृहस्थांनी मुंबई नगरपालिकेच्या नोकरीत असताना सफाई कामगारांची हलाखी डोळ्यांनी पाहिली होती. १९१४ साली नोकरी सोडून ते भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९२२ पासून त्यांनी भिल्लांच्या सेवेचे कार्य आरंभिले. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. म्हणूनच या पत्रातील वाद दोन व्यक्तींच्या सद्भावाचा नाही. सद्भाव गृहीत धरून उरणाऱ्या तत्त्वाचा आहे.

तिसऱ्या गोलमेज परिषदेस जाताना आंबेडकरांनी हे पत्र प्रवासातूनच लिहिले. दलितांच्या उन्नतीचे दोन मार्ग त्यांनी आरंभीच वेगळे केले आहेत. एका मताप्रमाणे मनुष्याचे दैन्य त्याच्या आचरणातून उद्भवते. म्हणून मद्यपाननिषेध, व्यायाम, सहकार, वाचनालये व शाळा यांच्याद्वारे त्याच्या अंगी सद्गुण बाणवावेत. दुसऱ्या मताप्रमाणे मनुष्याचे भवितव्य त्याच्या भोवतालच्या परिस्थितीने बांधलेले असते. म्हणून प्रथम ती परिस्थिती पालटावी. पहिल्या मार्गाने काही व्यक्ती आपल्या वर्गातून वर येतील, परंतु वर्ग होता तेथेच राहील, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून नव्या संस्थेने आपली शक्ती दुसऱ्या मार्गावर केंद्रित करावी, असा त्यांचा आग्रह होता.

त्यांनी सुचविलेला कार्यक्रमही याच सूत्रास धरून आहे. खेड्यातील विहिरीवर पाणी भरणे, गावच्या शाळेत बसणे, चावडीत प्रवेश मिळविणे, सार्वजनिक वाहनांतून प्रवास करणे या नागरी हक्कांसाठी गावोगावी कार्यकर्त्यांनी दलितांना उभे करावे व न्यायालयीन कामात त्यांना साह्य द्यावे, हे पहिले कलम होते. दुसरे कलम संधीच्या समानतेचे. याची निकड मुंबईच्या गिरण्यांतही दिसत होती. अधिक वेतनाच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांस मज्जाव होता. कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि ते इतरांस विटाळ वाटे. अशा कामगारास काटकसरीचा उपदेश करून त्याचे वेतन वाढणार नव्हते. तिसरे कलम सामाजिक संबंधांचे होते : स्पृश्यांनी दलितांना आपल्या घरात पाहुणे म्हणून किंवा नोकर म्हणून प्रवेश द्यावा.

अशा कार्यक्रमाने खेड्यांत संघर्ष माजेल, प्रसंगी रक्तही सांडेल, हे आंबेडकरांनी लपविले नाही. रूढीने चालणारा मनुष्य पेच उभा राहिल्यावाचून विचार करू लागत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. महाडच्या चवदार तळ्याचा व नाशिकच्या काळाराम मंदिराचा दाखला त्यांनी त्यासाठीच दिला. येथे त्यांच्या भूमिकेतील कठीण नैतिक प्रश्नही पुढे येतो. संघर्षाचा पहिला आघात कार्यकर्त्यावर नव्हे, तर ज्याच्यासाठी संघर्ष करावयाचा त्याच्यावर पडतो. २० मार्च १९२७ रोजी तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर महाडात मार खाल्ला तो परिषदेस आलेल्या अस्पृश्य बांधवांनीच. अशी जोखीम दुसऱ्याच्या वतीने पत्करण्याचा अधिकार सेवकास नाही. ती ज्याची त्यानेच पत्करावयाची असते. म्हणूनच कार्यकर्ता कोण असावा, हा पत्रातील शेवटचा प्रश्न गौण ठरत नाही. सर्व विवेचन त्यावरच येऊन ठेपते.

कार्यकर्ते शक्यतो दलितांतूनच घ्यावेत, असे आंबेडकरांनी सुचविले. समाजसेवेचा आडोसा घेणारे भोंदू दलितांतही असतात, हे त्यांनी मान्य केले. परंतु सेवेस प्रेमाची जोड लागते आणि ती आपल्या माणसांकडून मिळण्याचा संभव अधिक, अशी त्यांची विचारसरणी होती. गांधीजींची भूमिका नेमकी याउलट होती. अस्पृश्यता हे सवर्णांचे पाप. त्याचे प्रायश्चित्त सवर्णांनीच घेतले पाहिजे. संघ ही ऋणकोंची संस्था असल्याने तिचा कारभारही ऋणकोंनीच पाहावा, असे त्यांचे मत होते. या भूमिकेत नैतिक गांभीर्य निश्चितच आहे. दोषाचे ओझे ती पीडिताच्या माथी न मारता पीडकाच्या माथी ठेवते. दानाचा अहंकार तिला मानवत नाही. तथापि तिच्यातील उणीवही येथेच आहे. ऋण किती आहे व ते कशा रूपाने फेडावयाचे हे ऋणकोच ठरवू लागला, तर धनकोस केवळ स्वीकारणे एवढेच उरते. प्रायश्चित्ताने देणाऱ्याची शुद्धी होते. घेणाऱ्यास अधिकार मिळतोच असे नाही.

संघाने पुढील काळात शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या व विहिरी यांच्या रूपाने मोठे कार्य केले, हे नाकारता येणार नाही. परंतु आपल्या पत्राची साधी पोचही आली नाही, असे आंबेडकरांनी १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. पत्रानंतर चारच वर्षांनी, १९३६ मध्ये, मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले आणि समाजसेवेस व्यवसायाचे रूप येऊ लागले. व्यवसायाने पद्धती व शिस्त आणली. तरी व्यक्ती की परिस्थिती, सेवक की सहकारी, हे १९३२ चे प्रश्न त्याने निकालात काढले असे म्हणता येत नाही.

या प्रश्नांची काही उत्तरे पुढे कायद्याने दिली. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविषयीचा अधिनियम झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले. ठक्करबाप्पांना लिहिलेल्या पत्रातील पहिल्या कलमाचा विषय नागरी हक्क हाच होता. २०१४ साली समाजकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी स्वीकारलेल्या व्याख्येत सामाजिक न्याय व मानवी हक्क ही तत्त्वे केंद्रस्थानी ठेवली आहेत. तथापि व्याख्येत मूल्य नोंदले म्हणजे ते आचरणात आले असे होत नाही. ज्यांच्यासाठी संस्था उभी राहते त्यांस तिच्या कारभारात स्थान आहे किंवा नाही, एवढ्या एका गोष्टीवरून तिची मूल्ये व तिची राजकीय विचारसरणी या दोहोंची परीक्षा होऊ शकते. ही कसोटी त्या पत्राने घालून दिली आहे.