अठराचा आकडा

माणकोली नाक्यावरून अंजूरफाट्याकडे वळलं की दोन्ही बाजूंना गाळेच गाळे. मुंबईत जकात होती तेव्हा तिच्या हद्दीबाहेर माल ठेवायची सोय म्हणून हा पट्टा वाढला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. दापोड्यातल्या अशाच एका गाळ्यात मी सर्व्हर सांभाळत होतो. दिवाळीच्या आधीचा शनिवार. रात्री दहाला जे कोसळलं ते सकाळी दहालाच पडद्यावर दिसत होतं, आणि मी ते पाहिलंही होतं. म्हणून तासांच्या हिशेबानं सांगतो.

सकाळी १०. बारा तास बाकी.

सर्व्हरची मेमरी ३२ जीबी. गोदामाचा मुख्य प्रोग्रॅम जावावर चालायचा. तो आणि बाकी किरकोळ मिळून १२. मी ‘फ्री’ कमांड दिली. ‘बफ/कॅश’च्या रकान्यात १८, मोकळी २. मी निर्धास्त झालो. लिनक्स मेमरी पडीक ठेवत नाही, वाचलेल्या फायलींच्या प्रती तिथं धरून ठेवतो आणि जागा लागली की टाकून देतो, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात. मूळ फाईल डिस्कवर असतेच, मग मेमरीतली प्रत टाकायला हरकत नाही.

शिकवलेलं बरोबर आहे. पण त्या अठरात टाकता येण्याजोगी मेमरी फक्त ८ होती. दुसरी ८ डेटाबेसची सामायिक मेमरी. उरलेली २ लेबलांची.

प्रत्येक पार्सलवर चिकटवायच्या लेबलाची पीडीएफ तयार होते. छपाई झटपट व्हावी म्हणून काही महिन्यांपूर्वी आम्ही त्या ‘/डेव्ह/एसएचएम’मध्ये ठेवायला लागलो होतो. हा फोल्डर दिसतो डिस्कसारखा, असतो मात्र निव्वळ मेमरीत. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याची गणती कॅशमध्ये करतो, पण त्यातल्या फायलींची दुसरी प्रत कुठेच नसल्यामुळे त्या टाकू शकत नाही. फार तर स्वॅपवर, म्हणजे मेमरीसाठी डिस्कवर राखलेल्या जागेत, हलवू शकतो. स्वॅप आम्ही बंद केला होता. वेग कमी होतो म्हणून.

साफसफाईची स्क्रिप्ट रोज पहाटे दोनला चालायची. तोवर जमलेली लेबलं तशीच.

दुपारी १. नऊ तास बाकी.

जेवायच्या सुट्टीत डॉकवर उभा होतो. रस्त्यात रिकामी पॅलेट रचलेली, वरच्या फळीवर खडूनं लिहिलेलं, ‘खाली’. ट्रेलर मागे आला तसा फोर्कलिफ्टवाल्यानं कोणालाही न विचारता ती उचलून बाहेर टाकली. शेजारी एक खोका होता, त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याला त्यानं हात लावला नाही, वळसा घालून गेला. आत काय आहे हे त्याला कसं कळणार?

कर्नलची अवस्था अगदी हीच. प्रोग्रॅमनं मेमरीत काय ठेवलंय, ते पुन्हा बनवता येईल की नाही, हे त्याला बाहेरून कळत नाही. मालकानं खडूनं लिहावं लागतं. मॅकमध्ये प्रोग्रॅम आपली मेमरी ‘पर्जेबल’ म्हणून जाहीर करू शकतो. विंडोजनं ८.१ पासून मेमरी ‘देऊ’ करायची आणि नंतर परत मागायची सोय दिली. अँड्रॉइडच्या ‘अ‍ॅशमेम’मध्ये तुकड्याची पिन काढून ठेवायची, अडचण आली की कर्नल तो फेकतो, आणि पुन्हा पिन लावताना सांगतो की तुमचं सामान गेलं, नव्यानं बनवा. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये जॉन स्टल्ट्झ यांनी अशीच ‘व्होलाटाइल रेंजेस’ची कल्पना अनेक वर्षं लावून धरली, ती स्वीकारली गेली नाही. २०१६ मध्ये ४.५ आवृत्तीत ‘मॅडव्हाइज’ला ‘फ्री’चा पर्याय मिळाला: मेमरीची ही पानं मला नकोत, पण घाईनं काढू नका, लागतील तेव्हा काढा.

आमची लेबलं याच जातीची होती. ऑर्डर डेटाबेसमध्ये असेपर्यंत लेबल हजारदा बनवता येतं. इतकी टाकाऊ वस्तू आम्ही अशा कप्प्यात भरत होतो जिथं कर्नलला ती जिवापाड जपणं भाग होतं.

दुपारी ३. सात तास बाकी.

पुन्हा ‘फ्री’. बफ/कॅश १८, मोकळी २. सकाळचेच आकडे. मी वहीत ‘ठीक’ लिहिलं.

लेबलं आता ६ जीबी झाली होती आणि टाकण्याजोगी कॅश ८ वरून ४ वर आली होती. बेरीज तीच राहिली, आतला माल बदलला. शेवटचा रकाना ‘अव्हेलेबल’ हा, २०१४ पासून कर्नल स्वतः हिशेब करून सांगतो तो आकडा, सकाळच्या निम्म्याच्या जवळ आला होता. तो माझ्या डोळ्यासमोर होता.

संध्याकाळी ६.३०. साडेतीन तास बाकी.

दोन पाळ्या एकावर एक आल्या. पिकिंगची पोरं रॅकमधून अक्षरशः पळत होती, आणि लेबलं साचत होती.

रात्री ८.३०. दीड तास बाकी.

‘सर, गन फिरतेय नुसती,’ सुपरवायझरचा फोन. गननं पार्सल स्कॅन केल्यावर हिरवा दिवा यायला सात-आठ सेकंद. ‘टॉप’ उघडलं तर सगळ्यात वर ‘केस्वॅपडी’. मोकळी मेमरी ठरलेल्या खालच्या खुणेखाली गेली की कर्नलचा हा सफाईवाला जागा होतो. त्याहून खालची खूण ओलांडली की मेमरी मागणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवून आधी सफाई करायला लावतात. आम्ही तिथं पोचलो होतो.

डिस्कचा दिवा विझेना. लिहिणं फारसं नव्हतं, सगळं वाचणंच. टाकण्याजोगं आता उरलं होतं काय? चालू प्रोग्रॅमचा स्वतःचा कोड. तोही फाईलच, त्याचीही प्रत डिस्कवर. कर्नल ती पानं टाकत होता, पुढच्या क्षणी तीच लागत होती, पुन्हा डिस्कवरून आणत होता, पुन्हा टाकत होता. हमालानं एक पोतं ठेवायला दुसरं उचलावं आणि तेच परत मागावं, तसं.

रात्री ९.३५. पंचवीस मिनिटं बाकी.

लॉगिनचा पासवर्ड टाकला, प्रॉम्प्ट यायला चार मिनिटं लागली. हा गुदमर मोजायची सोय डिसेंबर २०१८ च्या ४.२० कर्नलपासून आहे. फेसबुकमधल्या योहानस वाइनर यांनी केलेली ‘पीएसआय’: मेमरीची वाट बघण्यात कामं किती वेळ अडून पडली, ते सांगते. तिच्यावर गजर लावला असता तर तो आठच्या सुमारास वाजला असता. आमच्याकडे लावलेला नव्हता.

रात्री ९.५८.

कर्नलच्या नोंदीत ओळ उमटली: मेमरी संपली, प्रक्रिया मारली. मेमरी संपली की बळी निवडणारा कर्नलचा ओओएम किलर प्रत्येक प्रक्रियेनं किती मेमरी धरलीय यावर गुण देतो. सर्वात मोठी होती आमची जावा. गोदामभर सगळ्या गन एकदम थांबल्या. डॉकला पाच गाड्या, अर्ध्या भरलेल्या.

जावा मेली तशी मेमरी मोकळी झाली, प्रोग्रॅम आपोआप पुन्हा सुरू झाला. वीस मिनिटांत फुगला, पुन्हा मारला गेला. मग तिसऱ्यांदा. लेबलं कोणत्याच प्रक्रियेच्या नावावर नव्हती, त्यामुळे कितीही प्रक्रिया मारल्या तरी त्यांतलं एकही लेबल हलणार नव्हतं. दर वेळी बळी गेला तो काम करणाऱ्याचा.

पावणेबाराला मला ‘डीएफ’, कुठं किती जागा भरलीय ते दाखवणारी कमांड, द्यायचं सुचलं. ‘/डेव्ह/एसएचएम’समोर ११ जीबी. छापून झालेली लेबलं उडवली, एका ओळीत. मशीन क्षणात मोकळं झालं. पण कुठल्या ऑर्डरचा किती माल गाडीत चढला, हे ताळ्यावर आणायला माणसांना कागद-पेन घेऊन पहाटेपर्यंत खोके मोजावे लागले. चूक मशीनची नव्हती, माझी होती. मोजणी त्यांच्या वाट्याला आली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सोमवारी लेबलं साध्या डिस्कवर हलवली. छपाईचा वेग तसूभरही कमी झाला नाही, कारण ताजी लिहिलेली फाईल कॅशमध्ये असतेच. एकदा डिस्कवर उतरली की अडचणीच्या वेळी कर्नल ती बिनदिक्कत टाकतो. ४ जीबीचा स्वॅप चालू केला, मेमरीतल्या फोल्डरला २ जीबीची मर्यादा घातली, पीएसआयवर गजर लावला.

तुमच्याकडेही सर्व्हर असेल तर आज घरी जाण्याआधी ‘फ्री’ द्या. बफ/कॅशवर थांबू नका. शेवटचा रकाना वाचा, आणि ‘शेअर्ड’च्या रकान्यात मोठा आकडा दिसला तर तो कुणाचा आहे ते शोधल्याशिवाय उठू नका.